पाटीवरचं ‘मार्गे’ आधी वाचा: एसटीने कोकणात जाताना

मुंबईहून कोकणात निघणारे बहुतेक जण आधी रात्रीची गाडी ठरवतात आणि उतरल्यावर पुढचं बघू म्हणतात. इथे ते उलटं करावं लागतं. पनवेलपासून बांद्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्ग समुद्राला कुठेच लागत नाही. तो माणगाव, महाड, पोलादपूर, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली असा आतून जातो. दापोली, गुहागर, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही गावं त्याच्या पश्चिमेला, बहुतेक 30 ते 50 किलोमीटरवर. मुंबई ते कणकवली हे सव्वाचारशेच्या आसपास किलोमीटर झोपेत निघून जातात. वेळ जातो तो शेवटच्या पट्ट्यात, जिथे दिवसाला चार-पाच फेऱ्या असतात आणि एक चुकली की पुढची दुपारी. म्हणून आधी आपल्या गावाची गाडी फाट्यावरून किंवा तालुक्याच्या स्टँडवरून किती वाजता सुटते ते विचारा, मग मुंबईची गाडी निवडा.

ती वेळ मोबाइलवर सहसा सापडत नाही. एसटीच्या आरक्षणाच्या अ‍ॅपवर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, गावच्या फेऱ्या नाहीत. त्या स्टँडवर रंगवलेल्या वेळापत्रकात असतात, नाहीतर वाहतूक नियंत्रकाच्या वहीत. एकदा तिथे गेलात की त्या फलकाचा फोटो काढून ठेवा, आणि चौकशीच्या खिडकीवर ‘ही फेरी चालू आहे ना?’ हे विचाराच. फलक वर्षानुवर्षं रंगवलेला असतो आणि मधल्या काळात फेऱ्या बदललेल्या असतात.

गावच्या फेऱ्यांचं गणित शाळेशी जोडलेलं आहे. सकाळी पोरांना तालुक्याला आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं यावर कित्येक गाड्या आखलेल्या असतात. त्यामुळे मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे चाकरमानी नि पर्यटक सगळ्यात जास्त येतात नेमक्या तेव्हाच, यातल्या बऱ्याच फेऱ्या बंद असतात. रविवारचंही तसंच. गणपतीत वेगळी अडचण असते. मुंबईच्या जादा गाड्यांसाठी आगारातल्या गाड्या आणि चालक-वाहक उचलले जातात, मग गावातली दुपारची फेरी रद्द होते. आषाढीला पंढरपूरसाठी हेच होतं. अशा दिवसांत तालुक्यापासून घरापर्यंत रिक्षा किंवा वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी जीप) सांगून ठेवणं शहाणपणाचं.

वस्तीच्या गाडीची माहिती मात्र सोन्यासारखी जपावी. ती संध्याकाळी उशिरा गावात येते, चालक-वाहक तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे किंवा सकाळी लवकर तीच गाडी तालुक्याला परत जाते. गावातून लांब पल्ल्याची सकाळची गाडी गाठायची असेल तर बहुतेक वेळा हीच एक सोय. गाडी गावातच असल्याने ती येण्यात उशीर होण्याचा प्रश्न नसतो. गाडी कुठे उभी राहते आणि नेमकी केव्हा हलते हे आदल्या रात्री वाहकालाच विचारा. पावसाळ्यात एखाद्या मोरीवर पाणी आलं की ती अलीकडच्याच वाडीत मुक्काम करते, मग पहाटे तिथवर चालत जावं लागतं.

आता पाटी. काचेमागच्या पाटीवर मोठ्या अक्षरात सुटण्याचं आणि पोचण्याचं गाव असतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘मार्गे’. दापोलीच्या दोन गाड्यांची मोठी अक्षरं सारखीच असली तरी एक महाड-खेड करून जाते आणि दुसरी माणगावच्या पुढे महामार्ग सोडून गोरेगाव-मंडणगडवरून. तुमचं गाव मंडणगड तालुक्यात असेल आणि तुम्ही खेडमार्गे गाडीत बसलात तर दापोलीला जाऊन उलटं यावं लागेल. वेंगुर्ल्याची गाडी कुडाळवरून वळते की सावंतवाडीवरून, गणपतीपुळ्याची निवळी फाट्यावरून की रत्नागिरी शहरातून, हे पाटीवरच कळतं. घाटावरून येणाऱ्यांनी तर मार्ग वाचल्याशिवाय पायरी चढू नये. कोल्हापूरहून कणकवलीला फोंड्यावरून येता येतं आणि गगनबावड्यावरूनही. गगनबावड्याला पुन्हा करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, म्हणून वाट लांबली की तिकीटही वाढतं.

आरक्षण करताना सारख्या नावांची गावं घोटाळा करतात. खेड रत्नागिरीतलं आणि खेड म्हणजे पुण्याजवळचं राजगुरुनगर. इंदापूर रायगडातलं आणि इंदापूर पुणे जिल्ह्यातलं. पाली अष्टविनायकातली, रायगडातली, आणि पाली हातखंब्याच्या पुढची, रत्नागिरीतली. मुरुड जंजिऱ्याचं, मुरुड दापोलीजवळचं आणि मुरुड लातूरकडचं. गोरेगाव मुंबईतलं आणि माणगाव तालुक्यातलं. नांदगाव तर कणकवलीजवळही आहे आणि नाशिक जिल्ह्यातही. अ‍ॅपवर नाव निवडलं की जिल्हा आणि मधले थांबे उघडून बघा. थांब्यांत ओळखीची दोन गावं दिसली की पैसे भरा.

चढायचं ठिकाण जे टाकलंय तिथेच चढा. पनवेलला चढतो म्हणून मनाशी ठरवलं आणि तिकिटावर मुंबई सेंट्रल राहिलं, तर गाडी सेंट्रलहून हलल्यावर वाहक ती जागा रिकामी धरून दुसऱ्याला देऊ शकतो. परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली, ठाणे अशा ठिकाणांहून वेगवेगळ्या गाड्या सुटतात. ठाण्यात खोपट की वंदना, हेही नीट बघा. ही दोन्ही स्थानकं जवळ असली तरी सामान घेऊन ऐनवेळी धावण्याइतकी जवळ नाहीत.

सवलतींबद्दल थोडक्यात. 17 मार्च 2023 पासून राज्यात महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे आणि 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. वयाच्या सवलतीसाठी मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा. पणजीच्या गाडीत बसलात तर सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, पुढच्या अंतराचं पूर्ण भाडं लागतं. आरक्षणाचा आकार वेगळा पडतो. गणपतीत खासगी ट्रॅव्हल्सचे दर फुगतात, तेव्हा लक्षात ठेवा: 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यांना त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार आरटीओकडे करायची आणि त्यासाठी तिकिटाची पावती लागते. तोंडी ठरलेल्या सौद्याची तक्रार उभी राहत नाही.

गणपतीला वाडीतले एक गाडी भरेल इतके जण एकत्र निघणार असतील तर गट आरक्षण करा. सगळी गाडी तुमची, ती थेट गावापर्यंत येते आणि फाट्याचा प्रश्नच मिटतो. मंडळाने आधी यादी करून पैसे गोळा केले तर हे सहज जमतं, आणि वयस्कर माणसं असलेल्या घरांना याच्याइतका आराम दुसऱ्या कशात नाही.

जागा कुठली घ्यावी? घाटात त्रास होणाऱ्यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा घ्यावी. शेवटचं बाकडं मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं, म्हणून वळणावर ते सगळ्यात जास्त फेकलं जातं आणि खड्ड्यात सगळ्यात उंच उडतं. चाकाच्या वरची जागा पाय आखडून टाकते, कारण खाली कमान असते. साध्या लाल गाडीचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे चालकाच्या मागे लगेच बसलात तर उन्हाळ्यात पायाला ऊब लागत राहते. दक्षिणेकडे जाताना सकाळचं ऊन डाव्या बाजूला आणि दुपारनंतरचं उजव्या बाजूला. रात्री उजवीकडे समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यावर येतात, म्हणून झोपायचं असेल तर डावी बाजू बरी.

खिडकीच्या काचा सरकत्या असतात, दोन तावदानं एकाच चौकटीत मागेपुढे. पावसाळ्यात तावदान पूर्ण ओढलं तरी खालच्या खाचेत पाणी साठतं आणि गाडी वळली की ते ओघळून आत, थेट मांडीवर येतं. खाचेत जुनं कापड किंवा वर्तमानपत्राची घट्ट घडी कोंबली की बराच फरक पडतो. बॅग खिडकीखाली ठेवू नका. तावदान अडकलं असेल तर वरून ओढू नका, खालच्या कडेला दोन्ही हातांनी धरून आधी किंचित उचला आणि मग सरकवा. खाचेत वाळू नि गंज बसलेला असतो, तिथे नुसत्या जोराने काच तिरकी होऊन आणखी घट्ट बसते.

उलटीचा विषय लोक टाळतात, पण कुंभार्ली, आंबा, आंबोली किंवा आंबेनळी उतरणाऱ्या गाडीत तो येतोच. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि गाडी सुटण्याच्या तासभर तरी आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून पहाटे चारला एकट्याने फाट्यावर उतरायचं असेल तर तो विचार आधी करा. निघण्यापूर्वी तेलकट टाळा, पण पोट अगदी रिकामंही ठेवू नका. घाट सुरू झाला की मोबाइल खाली आणि नजर समोरच्या रस्त्यावर. आल्याचा तुकडा, आवळासुपारी जवळ असू द्या, आणि भोक नसलेल्या दोन-तीन पिशव्या वरच्या खिशात, बॅगेच्या तळाशी नव्हे. पुढच्या खिडकीतून कोणी डोकं बाहेर काढलेलं दिसलं की आपली काच ताबडतोब ओढा.

उतरण्याची जागा चुकणं ही रात्रीच्या प्रवासातली सगळ्यात महागाची चूक. घड्याळाचा गजर लावून भागत नाही, कारण पेण-वडखळला किंवा माणगावला गाडी कोंडीत सापडली तर तास-दीड तास इकडचा तिकडे होतो. कधी चालक खोपोलीवरून पालीमार्गे वाकण फाट्याला निघतात आणि वेळ पुन्हा बदलते. त्यापेक्षा आपल्या आधीचं स्टँड हाच गजर समजा. हातखंब्याला उतरायचं तर संगमेश्वरला जागे व्हा. कसालला उतरून मालवणला जायचं तर कणकवलीला. भरणे नाक्याला उतरणाऱ्यांनी पोलादपूर आलं की पायात चपला घालाव्यात. पूर्वी कशेडीचा घाट मध्ये असायचा आणि त्यात आरामात तयारी व्हायची. आता बोगद्याने घाटातला बराच वेळ वाचतो, आणि जुन्या अंदाजावर झोपून राहिलेला माणूस थेट भरण्याच्या पुढे लोट्याला जागा होतो.

चढतानाच वाहकाला थांबा सांगा आणि चहाच्या थांब्यावर पुन्हा एकदा आठवण करा. ‘चिपळूण’ एवढं सांगून पुरत नाही, बहादूरशेख नाका की स्टँड ते सांगा. सावंतवाडीच्या लोकांनी गाडी शहरात जाते की झारापहून बाहेरच्या रस्त्याने पत्रादेवीकडे निघते, हे तिकीट काढण्याआधीच विचारावं. खासगी गाड्या बरेचदा स्टँडवर जातच नाहीत. कणकवलीत उड्डाणपूल झाल्यापासून काही गाड्या वरून निघतात आणि पुलाच्या टोकाला उतरवतात. बायका-मुलं सोबत असतील तर अंधारात फाट्यावर उतरण्यापेक्षा थोडे पैसे जास्त देऊन पुढच्या मोठ्या स्टँडपर्यंत जा, उजाडेपर्यंत तिथे बसा आणि मग गावची गाडी धरा. स्टँडवर दिवा असतो, माणसं असतात, नियंत्रक असतो.

चहाच्या थांब्यावर एकामागे एक चार लाल गाड्या उभ्या राहतात आणि झोपेत सगळ्या सारख्याच दिसतात. नंबरही सुरुवातीला सारखेच. एसटीच्या गाड्यांची बांधणी पुण्यात दापोडीला, छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) चिकलठाण्यात आणि नागपूरला हिंगण्यात होत आली आहे, म्हणून कोकणातल्या गाडीवरही एमएच 14, एमएच 20 किंवा एमएच 40 दिसतं. लक्षात ठेवायचे ते शेवटचे चार आकडे. गाडीवर लिहिलेलं आगाराचं नावही बघून ठेवा. काही विसरलं तर ते त्या आगारात जमा होतं, तुम्ही उतरलात त्या स्टँडवर नाही. म्हणून तिकीट घरी पोचेपर्यंत फेकू नका, गाडी शोधायला त्यावरच्या तपशिलाचा उपयोग होतो.

पावसाळ्यात घाटांची खबर आदल्या दिवशी घ्या. वरंधा घाट पावसात जड वाहनांसाठी बंद ठेवतात, त्यामुळे पुण्याहून महाडकडे येणाऱ्या गाड्या ताम्हिणीवरून फिरतात. 2022 च्या पावसाळ्यात दरडीच्या धोक्यामुळे परशुराम घाट काही दिवस रात्री बंद होता. करूळ घाट 2024 मध्ये कामासाठी कित्येक महिने बंद राहिला आणि वाहतूक फोंडा नि भुईबावड्यावर गेली. नदीला पूर असताना चालकाने पुलाअलीकडे गाडी उभी केली तर त्याच्यावर आवाज चढवू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या होत्या. 22 जुलै 2021 ला चिपळूणचं आगार पाण्याखाली गेलं, आणि तिथल्या आगारप्रमुखांनी नि सहकाऱ्यांनी बुडालेल्या गाडीच्या टपावर बसून आगाराची सुमारे 9 लाखांची रोकड सांभाळली. पाण्याचा अंदाज या माणसांना आपल्यापेक्षा जास्त आहे. जुलै-ऑगस्टच्या प्रवासात एका वेळचं कोरडं खाणं, पाण्याच्या दोन बाटल्या आणि नेहमीच्या औषधांचा दोन दिवसांचा जादा साठा असायलाच हवा.

किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं असेल तर एसटीच्या जोडीला जंगलजेट्टी, म्हणजे खाडीतून माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारी बोट, धरा. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचं म्हणजे खेड, चिपळूण करत शंभरच्या आसपास किलोमीटर आणि मध्ये गाडी बदलणं. तेच दाभोळला जाऊन जेट्टीने धोपाव्याला उतरलात तर अंतर निम्म्यावर येतं. अशाच फेऱ्या आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी आणि तवसाळ ते जयगड आहेत. गाडी नसलेल्या माणसालाही घेतात, भाडं किरकोळ. अडचण पाण्यावर येत नाही, पलीकडच्या काठावर येते. जेट्टीच्या वेळा आणि एसटीच्या वेळा एकमेकांना विचारून ठरलेल्या नाहीत. वेसवी आणि तवसाळला उतरल्यावर गाडीसाठी बराच वेळ बसावं लागू शकतं. खाडी शक्यतो सकाळी ओलांडा, म्हणजे पलीकडे दुपारची फेरी तरी हाताशी राहते. वारा-पाऊस जोरात असला की जेट्टी थांबते, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये या वाटेवर भरवसा ठेवून परतीचं आरक्षण करू नका.

चार-सात दिवस असं सलग फिरणार असाल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे, 4 दिवसांचा आणि 7 दिवसांचा. एकाच गावात मुक्काम करून बसणाऱ्याला तो परवडत नाही. रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी, आंबोली करत कोल्हापूरला चढणाऱ्याला मात्र पुरून उरतो. पास असला तरी जागा राखलेली नसते, लांबच्या टप्प्याला आरक्षण वेगळं करा.

परतीला सामान दुप्पट झालेलं असतं. गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या दोन दिवसांची आणि मेच्या शेवटच्या आठवड्याची परतीची तिकिटं जायच्या तिकिटांबरोबरच काढा, कारण जाताना लोक वेगवेगळ्या दिवशी जातात आणि परत मात्र एकदमच निघतात. आंबे न्यायचे तर झाडावरून उतरवलेले, घट्ट असलेले न्या. पिकत आलेल्या आंब्याची पेटी डिकीत रात्रभर तापली की खालचा थर दबून काळा पडतो. पेटीत भाताचा पेंढा नीट भरा, आंबे हलता कामा नयेत. पेटी डिकीत सगळ्यात शेवटी, दुसऱ्याच्या सामानाच्या वर ठेवायला सांगा आणि तिच्यावर नाव नि उतरायचं गाव ठळक लिहा. दोऱ्या-सुतळ्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. सुकी मासळी वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. एवढं केलं नाही तर वाहक आणि शेजारी दोघंही हरकत घेतील, आणि ती रास्त असेल. बर्फातली ताजी मासळी गाडीत नेऊच नका, बर्फ वितळून पाणी सगळ्यांच्या सामानाखालून वाहतं. कोकमाच्या आगळाची बाटली काठोकाठ भरू नका, वर दोन बोटं जागा सोडा. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून ते घट्ट फिरवा, बाटली पिशवीत बांधून उभीच ठेवा आणि ती डिकीत न टाकता पायाशी घ्या. आगळात मीठ असतं, सांडलं तर कपड्याचा डाग जात नाही आणि बॅगेची चेन गंजते.

सकाळी मुंबईत शिरणाऱ्या गाड्यांना पनवेलपासून पुढे गर्दी लागते. कामावर जायचं असेल आणि घर हार्बरच्या किंवा ठाण्याच्या बाजूला असेल, तर सामान कमी असताना पनवेलला उतरून लोकल धरणं बहुतेक वेळा लवकर पोचवतं. पेट्या असतील तर गाडीतच बसून राहा.